तात्यांचा पाठमोरा जपान

तात्यांच्या हातात मिठाईचा बॉक्स देऊ नये. हे मी आज जाहीरपणे सांगते आहे. खरं तर यावर पूर्वीच पत्रक काढायला हवं होतं. माझ्या चुलत भावाच्या साखरपुड्यात कुणीतरी ती चूक केली. तात्यांनी पेढ्यांचा बॉक्स गुडघ्यावर घेतला, चारी बाजूंनी निरखला, दोरा न तोडता सोडवला, झाकण उताणं केलं आणि पुठ्ठ्याची घडी कुठून सुरू झाली ते बोटानं शोधत बसले. समोर पोरं हात पसरून उभी. शेवटी मुलीचा मामा म्हणाला, "तात्या, पेढं वाटायचं हाईत, बॉम्ब न्हाय निकामी करायचा!"

तात्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "जपान्यानं हितं एक कप्पा केला आसता."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एसटीच्या सीटखाली वाकून म्हणायचे, विहाराच्या दारातल्या चपलांच्या ढिगाकडं बघून म्हणायचे. एकदा खोकला बरा होईना म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे उजेडाकडं धरला, तर तात्या डॉक्टरांच्या खांद्यावरून डोकावून स्वतःच्या बरगड्यांकडं बघत म्हणाले, "हितं..." मी त्यांना पुढं बोलू दिलं नाही.

तात्या जपानला कधी गेले नव्हते. एका बाजूला शाहूवाडी आणि दुसऱ्या बाजूला मिरज, एवढंच त्यांनी बघितलेलं जग. जन्मतानाच आई गेली, राधानगरीकडच्या मावशीनं वाढवलं, लग्न केलं नाही, आणि आमच्या वसाहतीत विहाराच्या मागच्या एका खोलीत राहून कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका छापखान्यात बाइंडिंगचं काम केलं. त्या छापखान्यातच माझी त्यांच्याशी ओळख झाली. मी तेव्हा बावीस वर्षांची आणि जगावर रागावलेली. आजही आहे. नळाला पाणी नाही, पत्रक. दिवे बंद, पत्रक. साहेब जागेवर नाहीत, पत्रक. तात्या मला नावानं हाक मारायचेच नाहीत. "आली का पत्रकबाई? आज कुणाचा धिक्कार?"

मजकुराला ते हात लावत नसत; पण पत्रक सपाट नेऊ देत नसत. "मजकूर तुझा, घडी माझी," म्हणायचे. अशी घडी घालायचे की एक कोपरा ओढला की सगळं पत्रक फुलासारखं उघडून 'धिक्कार!' हा शब्द वाचणाऱ्याच्या नाकासमोर उडी मारायचा. पाण्याच्या पत्रकानं पाणी आलं नाही, पण साहेबांनी ते टेबलाच्या काचेखाली ठेवलं आणि येईल त्याला उघडून दाखवायला लागले. मी संतापले. तात्या खूश.

आता हा जपान कुठून आला ते सांगते. नव्वदनंतरच्या कुठल्याशा वर्षी छापखान्याच्या मालकानं पॅकिंगसाठी परदेशी रद्दीचे गठ्ठे घेतले. त्यातला एक गठ्ठा निघाला जपानी. उशीएवढी जाड चित्रकथांची पुस्तकं, आणि गुळगुळीत मासिकं. अक्षर एक वाचता येईना, पण चित्रं बोलत होती. उभ्या केसांची पोरं, डोळ्यांत चांदण्या असलेल्या पोरी, माणसाएवढी खेळणी, डब्यात डबा, त्यात आणखी डबा. तात्यांनी मालकाच्या हातापाया पडून गठ्ठा सोडवून घेतला. खोलीच्या भिंती जपाननं भरल्या.

आमच्या वसाहतीत जपान म्हणजे बुद्धाचा देश, एवढंच माहीत. विहार समितीच्या अध्यक्षांनी एकदा गंभीरपणे विचारलं, "तात्या, तिकडं सगळीकडं बुद्धच असतील, न्हाय का?"

"हाईत की. पर शेजारी एक कपाट बी हाय. पैसं टाकलं की थंड बाटली आपसूक भायेर येती. तू कोण, कुणाचा, कुठं ऱ्हातोस, कपाट काय इचारत न्हाय."

मी ते वाक्य पुढच्या पत्रकात मोठ्या टायपाच्या खिळ्यांत छापलं. माझ्या आजोबांना ज्या गावात पाणी वरून ओतून मिळायचं, त्या गावात मी ते घरोघर वाटलं. आजवरचं माझं सगळ्यात झोंबलेलं पत्रक ते. वाक्य तात्यांचं होतं, हे इथं नोंदवते.

मग सुरू झाले शनिवार. तात्या चित्रकथेतली पानं मोठी झेरॉक्स करून पुठ्ठ्यांवर चिकटवायचे आणि शनिवारी संध्याकाळी विहाराच्या अंगणात एकेक पुठ्ठा वर धरून गोष्ट सांगायचे. आणि गोष्ट काय! सुरुवातच अशी: "पोरगं मेलं." पहिल्या पुठ्ठ्यावर पावसात पडलेला पोरगा, भोवती रडणारी माणसं. दुसऱ्यावर त्याच्या छातीतून तलवार निघते. मग तो आणि तलवारवाला जोरात भांडतात, मग थोडं कमी, मग नुसते रागानं बघतात, मग शेजारी बसून शेवया खातात. जिवलग दोस्त. मग पोरगा लहान होत जातो, आणि शेवटच्या पुठ्ठ्यावर आई दारात.

पोरं शंका काढायची. "तात्या, वाटी आदी रिकामी आन् मग भरल्याली कशी?"

"जपान हाय त्यो. जेवशील तसं वाढतंय."

"आन् ह्यो घराकडं पाठमोरा का चालतोय?"

"लाजतोय. एवडी मारामारी करून आलाय, आईला त्वांड कसं दावणार?"

हे सगळ्यांना पटायचं. आमच्या अध्यक्षांनी तर यावर भाषण बसवलं होतं: जपानी वाङ्मय युद्धापासून सुरू होतं आणि मैत्रीत संपतं, हीच धम्माची शिकवण. टाळ्या पडायच्या. पेठेतली मंडळी मात्र टिंगल करायची. त्यांचा म्होरक्या पांडबा, छापखान्यातला मशिनमन आणि फुटबॉलचा वेडा. "तात्या, तुमचा जपान्या शेवया खातोय का परत वाटीत सोडतोय?" असं मशिनच्या आवाजावर ओरडायचा. तात्या घडी घालत राहायचे.

दोन हजार साल उलटल्यावर युको आली. चित्रकला शिकणारी जपानी मुलगी. आमच्या विहाराच्या पाहुण्यांच्या खोलीत उतरली, आणि इंग्रजी येतं म्हणून मला तिच्या दिमतीला दिलं. कोल्हापुरात तिला काय दाखवायचं ते मी ठरवून ठेवलं होतं: तुंबलेली गटारं, कोरडे नळ, आमच्या वस्तीला वळसा घालून गेलेला रस्ता. ती बघत होती रिक्षा! आरसे, झालरी, मागच्या काचेवरचा वाघ. रिक्षावाल्याला खाली उतरवून तिनं सीटच्या शिलाईचे फोटो काढले. बँडवाल्यांचे कोट, भडंगाच्या पिशव्या, दुकानांच्या पाट्या, चौकातले वाढदिवसाचे फलक, काही सोडलं नाही. मी म्हटलं, "इथले प्रश्न बघ ना." ती म्हणाली, "बघते आहे. ज्यांना कुणी काही दिलं नाही त्यांनीही सगळीकडं चित्रं काढली आहेत." मी गटारांची यादी बाजूला ठेवून तिची पिशवी धरली. असं सहसा होत नाही.

शनिवारी सकाळी मी तिला तात्यांच्या खोलीवर नेलं. तात्यांनी तिला बसवलं, कपबशी फडक्यानं तीनदा पुसली आणि दूध आणायला बाहेर पडले. युकोनं भिंतीवरचा आपला देश बघितला, हसली, फळीवरचं एक जाडजूड पुस्तक उचललं. आणि उलटं फिरवून मागच्या बाजूनं उघडलं.

"तिकडून नाही," मी म्हटलं.

"इकडूनच," ती म्हणाली. "आमची पुस्तकं इकडूनच सुरू होतात."

म्हणजे मेलेलं पोरगं शेवटी मरत होतं. म्हणजे दोस्त वैरी होत होते. अध्यक्षांचं भाषण! शेवया! आणि संध्याकाळी हीच मुलगी प्रमुख पाहुणी, पांडबा अख्खी पेठ घेऊन येणार, आणि तात्या तिच्यासमोर तिचीच गोष्ट शेपटाकडून सांगणार. तात्यांना घर नाही, संसार नाही. त्यांच्याकडं एक शनिवार होता, आणि तो आज जाणार होता.

तात्या दूध घेऊन आले, पण त्यांच्या तोंडावरचा आनंद बघून माझी जीभ उचलली नाही. मी तडक छापखाना गाठला. तिथं खिळे जुळवणारे बाबालालभाई होते, तात्यांचे जुने दोस्त. जेवणाच्या सुट्टीत त्यांचा उर्दू पेपर चालला होता. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

"मग जाऊन सांग की त्याला," ते म्हणाले.

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतंय की. आज कपभर च्या तुझ्याकडनं मिळावा असं वाटतंय." आणि डाव्या हातानं पेपरचं पान उजवीकडं उलटून वाचायला लागले. असल्या थंड माणसांमुळंच चळवळी बुडतात.

संध्याकाळी अंगण भरलं. अध्यक्षांनी तेच भाषण ठोकलं. युकोनं विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "तुझं स्वागत केलं." तात्या इस्त्रीचा सदरा घालून उभे राहिले, पहिला पुठ्ठा वर धरला. "पोरगं मेलं!"

युको पुढच्या ओळीत, हनुवटी गुडघ्यांवर. तलवार निघाली, भांडण विझलं, शेवया झाल्या, पोरगा लहान होत चालला. शेवटचा पुठ्ठा तात्यांच्या हातात, अजून पालथाच. तेवढ्यात मागून पांडबाचा आवाज.

"अवो तात्या, थांबा! पावणी त्याच गावची हाय की! तिलाच इचारा, ह्ये खरं का थाप!"

"इचारा, इचारा!" सगळी पेठ.

मी युकोला विचारलं. ती उठली, माझ्याकडं बघून सावकाश बोलली. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. खोटं सांगणं सोपं होतं. कुणाला कळलं असतं? पण मजकूर बदलायची मला सवय नाही.

"ती म्हणते," मी ओरडूनच सांगितलं, "तात्यांनी पुस्तक शेवटाकडून वाचलंय."

हशा पिकला. शिट्ट्या वाजल्या. अध्यक्ष पाण्याचा ग्लास शोधायला लागले. तात्या हलले नाहीत; पुठ्ठा छातीशी धरून उभे.

"ऐकून घ्या!" मी मोर्च्यातला आवाज लावला. "तिचं अजून संपलेलं नाही! ती म्हणते, ही गोष्ट आमच्याकडं पोरासोरांना पाठ आहे. पोरगा घर सोडतो, दोस्त मिळवतो, दोस्ताच्या हातानं मरतो. मी शाळेत असताना वाचली आणि रडून पुस्तक भिंतीवर फेकलं. आमच्याकडं इतक्या जणांनी वाचलं, पण त्याला परत घरी आणावं असं एकालाही सुचलं नाही. ह्या काकांनी आणलं. ती म्हणते, आता मधे बोलू नका. शेवटचं चित्र बघायला मी थांबले आहे."

तात्यांनी पुठ्ठा फिरवला. दारात आई.

"आली!" पोरं एका आवाजात ओरडली, दर शनिवारी ओरडतात तशीच. आणि मग जो गलका झाला तो मी आमच्या कुठल्याही मोर्च्यात ऐकलेला नाही. कुणीतरी हलगी काढली. युको उड्या मारत टाळ्या वाजवत होती. आणि गर्दीतून वाट काढत सगळ्यांत आधी तात्यांपाशी कोण पोचलं? पांडबा.

"तात्या, त्येवडी आमची परवाची फायनल बी शेवटाकडनं सांगा की! तीन गोल खाल्ल्यात, एकेक करून परत द्या त्यांला!"

"सांगतो की," तात्या म्हणाले. "पर गोलकीपर माघारी धावंल, हसायचं न्हाय."

अध्यक्षांनी तिथल्या तिथं जाहीर केलं की जपान बुद्धाचा असला तरी शनिवार आपला आहे. टाळ्या. मीही वाजवल्या.

अंगण रिकामं झाल्यावर तात्या पुठ्ठे गोळा करत होते. मी मदतीला गेले, आणि गेल्या गेल्या भांडले. "आज तुमची सगळ्यांसमोर शोभा झाली असती! पुस्तकं उलटी आहेत हे तुम्हाला एकदाही कळलं नाही?"

"न कळायला काय झालं? बाबालालनं पयल्याच वर्साला सांगितलं. त्याची उर्दू पुस्तकं बी तिकडनंच उघडत्यात."

"मग सुलटं का नाही वाचलं?"

"वाचलं की एकदा." तात्यांनी दारातल्या आईचा पुठ्ठा पुसला. "पयल्याच पानावर ती उभी ऱ्हाती. प्वार निघून जातंय. मग अख्ख्या पुस्तकात ती कुठंच न्हाय. मी पानंच्या पानं हुडकली." पुसून झाल्यावर म्हणाले, "माझी आई बी पयल्याच पानावर ऱ्हायली, बाय. दुसऱ्यांदा कशाला सोडून यायचं तिला?"

त्यांनी त्या पुठ्ठ्याला कागद गुंडाळला, घडी घातली, एक कोपरा तेवढा बाहेर ठेवला. ओढला की उघडेल असा.

पुढच्या शनिवारी मी पहिल्या ओळीत बसले. तात्यांनी पुठ्ठा वर धरला. "पोरगं मेलं!" आणि भोवतीची सगळी पोरं खुदकन हसली. ती कशाला घाबरतील? आई दारात आहे, हे त्यांना ठाऊक होतं.