सहा इंच उंच केलेली जीप

शासकीय जीप जमिनीपासून किती उंच असावी, याविषयी आमच्या खात्याच्या नियमावलीत काहीही लिहिलेले नव्हते. ही त्रुटी १९७८ च्या फेब्रुवारीत माझ्या लक्षात आली. मी तेव्हा नाशिकला उपअभियंता होतो आणि त्रुटी लक्षात येणे हेच माझे मुख्य काम होते.

पेठच्या डोंगरात उंबरदरा नावाचा एक पाडा होता. पाड्याच्या अलीकडे नाला. त्यावर साकव, म्हणजे माणसांना ओलांडण्यापुरता छोटा पूल, मंजूर झाला होता. लोखंडसुद्धा पेठ गावात येऊन पडले होते. फक्त एकतीस मार्चच्या आत उपअभियंत्याने नाल्याचे दोन्ही काठ पाहायचे होते, नाहीतर मंजुरी रद्द. आदल्या वर्षी मी गेलो होतो, पण जीपचे पोट धोंड्यांना लागले आणि मी परत फिरलो. 'नाला आडवा आल्यामुळे नाल्याची पाहणी करता आली नाही,' असा शेरा मी मारला. वरिष्ठांना तो पटला आणि मुदत एक वर्षाने वाढली.

पाड्यावरचा झिपरू दर सोमवारी एसटीने नाशिकला येऊन माझ्या दाराशी उभा राहायचा.

"साहेब, पानी घोट्याइतकंच हाय. जीप अलीकडं ठेवा न् चालत या. मी बूट धरीन तुमचे."

"झिपरू, पाहणीच्या तक्त्यात वाहन क्रमांकाचा रकाना आहे. बुटांचा नाही."

"औंदा तरी व्हऊ द्या. सुनेला तिसरा लागला. श्रावणात बाळतीण व्हईल. तवा नाला छातीइतका असतो. तिला पल्याड न्यायची कशी?"

मला खरोखर वाईट वाटले. मला वाईट वाटले की मी काहीतरी भव्य करायला जातो, हा माझा जुना दोष आहे. त्याच आठवड्यात देवळालीला मी लष्कराची एक उंच जीप पाहिली होती. तशा जीपमधून कचेरीच्या फाटकात उतरावे, असे मला तेव्हापासून वाटत होते. माझी स्वतःची उंची पाच फूट तीन इंच आहे, हेही इथे नोंदवून ठेवतो. मी आमची जीप सहा इंच उंच करण्याचा प्रस्ताव पाठवला. कारणाच्या जागी 'जनहित' लिहिले.

काम नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या झुंबर मिस्त्रीने केले. पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी स्प्रिंगा, उचलून झाल्यावर तो हात पुसत म्हणाला, "साहेब, गाडी उचलली की मागच्या शाफ्टचा कोन बिघडतो. पाट्यांखाली पाचरी टाकून देतो, नाहीतर गाडी थरथरेल."

"कार्यादेशात 'जीप सहा इंच उंच करणे' एवढेच आहे. पाचरींचा उल्लेख नाही."

"फुकट टाकतो."

"फुकट तर अजिबात नको. फुकट कामाची चौकशी लागते."

दुसऱ्या दिवशी पेठ नाका ओलांडून ड्रायव्हर सहादूने पन्नासचा वेग घेतला आणि जीप थरथरू लागली. आधी माझ्या खिशातले पेन गेले, मग चष्मा. स्टिअरिंग सहादूच्या हातात राहीना आणि गाडी सारखी डावीकडच्या गटाराची ओढ घेत होती. गाडी बाजूला घेऊन तो म्हणाला, "साहेब, मिस्त्री बोलला तेच. पाचरी टाका आन् पुढच्या चाकांची लाइन काढून घ्या. दोन तासांचं काम हाय."

"सहादू, हे तुझे मत झाले. निदान समितीने करायचे असते."

समितीत अध्यक्ष मी, दोन शाखा अभियंते आणि हेडक्लार्क सावळीराम भाऊसाहेब. सावळीरामांना गाडी चालवता येत नव्हती, पण तीस वर्षांत त्यांनी एकही कागद हरकत घेतल्याशिवाय पुढे जाऊ दिला नव्हता. पहिल्या बैठकीत आम्ही आवारात उभ्या असलेल्या जीपच्या बॉनेटवर चहाचा कप ठेवला. एक थेंबही सांडला नाही. 'जीप उभी असताना थरथर आढळून येत नाही,' असा निष्कर्ष एकमताने निघाला. दुसऱ्या बैठकीत इंजिन सुरू केले. चहा हलला, पण तळाशी बसलेली साखर विरघळली, म्हणून तीही बाब जीपच्या बाजूनेच नोंदवली गेली.

तिसऱ्या बैठकीत चाकांना दोरी लावायची होती. दोरी हातभर अपुरी पडली. नवी दोरी मागणीपत्र, मंजुरी आणि पोच या मार्गाने नऊ दिवसांनी आली. तिच्यावरून असे दिसले की पुढची दोन चाके दोन वेगळ्या दिशांना जाऊ पाहत होती. यातल्या कोणत्या चाकाने दुसऱ्याप्रमाणे वागायचे, असा प्रश्न सावळीरामांनी काढला. दोन्ही चाके एकाच दिवशी रुजू झालेली असल्यामुळे ज्येष्ठता ठरेना. तो मुद्दा आम्ही मार्गदर्शनासाठी वर पाठवला.

झिपरू येतच होता. "निदान चालू आहे," मी त्याला सांगत असे. एकदा तो म्हणाला, "साहेब, सुनेला चौथा लागला." मी म्हणालो, "आमचीही चौथी बैठक आहे." याचा मला नंतर पुष्कळ त्रास झाला, पण तेव्हा मी हसलो होतो.

चोवीस मार्चला चाचणीसाठी आम्ही चौघे जीपमध्ये बसलो. चौघेही खात्यात सुस्थितीत होतो. पन्नासचा वेग आला, पंचावन्नचा आला. जीप थरथरली नाही. सावळीरामांच्या डोळ्यांत पाणी आले. "साहेब, समितीचा वचक बसला," ते म्हणाले.

"वजन बसलं, भाऊसाहेब," सहादू म्हणाला. "पाटे दबले, कोन पहिल्यासारखा झाला."

इतिवृत्तात ड्रायव्हरच्या बोलण्यासाठी जागा नव्हती. त्याच संध्याकाळी मी आदेश काढला: 'चार अधिकारी आत बसलेले असल्याशिवाय सदर जीप जागची हलवू नये आणि जीप दौऱ्यावर असेपर्यंत कोणीही उतरू नये.' पुढच्या दोन दिवसांतच एक शाखा अभियंता मेहुणीच्या लग्नासाठी देवळ्याला रजेवर गेले. त्यांच्या जागी त्यांच्या वजनाइतक्या निकाली फायली पोत्यात भरून दोरीने सीटला बांधल्या. रजेच्या काळात फायलींनी त्यांचे काम समाधानकारकपणे सांभाळले, असे प्रमाणपत्रही मी दिले.

तीस मार्चला आम्ही उंबरदऱ्याच्या नाल्यात उतरलो आणि जीपचे पोट धोंड्यांवर बसले. जागा तीच, धोंडेही तेच. सहा इंच उंच केलेली जीप आम्ही आत बसून सहा इंच खाली आणली होती. अभियंता असूनही हे माझ्या ध्यानात नाल्यातच आले.

"उतरा साहेब," सहादू म्हणाला. "खाली झाली की आपोआप वर उठंल."

सावळीरामांनी पाकिटातून आदेशाची प्रत काढून मला दाखवली. खाली माझीच सही होती. मी बसून राहिलो.

झिपरू काठावर उभा होता. पाणी खरेच घोट्याइतके होते. त्याने आमच्याकडे पाहिले, सीटला बांधलेल्या पोत्याकडे पाहिले आणि पाड्यावर गेला. येताना वीस-पंचवीस माणसे घेऊन आला, बायाही होत्या. त्यांनी जीपखाली बांबू घातले आणि आमच्यासकट, पोत्यासकट जीप उचलली. झिपरू माझ्या बाजूला होता. त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. मी त्याला म्हणालो, "सरळ धर, कोन बदलेल."

मला त्या क्षणी लाज वाटली. तक्त्यात ते लिहायला रकाना नव्हता, म्हणून इथे लिहितो.

पल्याडचा काठ आम्ही जीपमध्ये बसूनच पाहिला. तिथे झिपरूच्या सुनेने आम्हाला कोरा चहा आणून दिला. सोळा-सतरा वर्षांची पोर असेल. झिपरू तिला म्हणाला, "साहेबांनी पाह्यलं. आता साकव व्हईल." मग तशीच उचलून त्यांनी आम्हाला परत आणले.

एकतीस मार्चला सावळीराम तक्ता भरायला बसले. सातवा प्रश्न होता, 'सद्यःस्थितीत वाहन नाला ओलांडू शकते काय?'

"लोकांनी उचलून नेले, असे लिहा," मी म्हणालो.

"साहेब, उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे द्यायचे आहे. आणि जीप पल्याड गेली होती. तुम्ही स्वतः आत होता."

"मग... होय."

"सातव्याचे उत्तर 'होय' असले की आठव्याचे आपोआप 'नाही' होते." आठवा प्रश्न साकवाच्या आवश्यकतेचा होता.

पाच वाजायला दहा मिनिटे होती आणि वर्ष संपत होते. मी सही केली. पेठ गावात पडलेले लोखंड दुसऱ्या तालुक्यात गेले. मुदतीच्या आत पाहणी पूर्ण केल्याबद्दल मला शाबासकीचे पत्र आले. झिपरू पुढे दोन सोमवार आला. तिसऱ्या सोमवारपासून आला नाही.

या गोष्टीला आता दहा वर्षे होत आली. मी ती मुलाखतींत, लग्नाच्या पंगतींत, निवृत्तीच्या समारंभात, पुष्कळ ठिकाणी सांगितली आहे. लोक पोट धरून हसतात. पोत्यापाशी तर फारच. हसून झाल्यावर प्रत्येक जण विचारतो, "मग जीपची थरथर गेली का हो?"

गेली. झुंबरने पाचरी ठोकल्या, चाकांची लाइन काढली, दोन तास लागले.

झिपरूच्या सुनेचे श्रावणात काय झाले, हे मात्र मला अजून कोणी विचारलेले नाही. विचारले असते तरी मला सांगता आले नसते. मीही कधी विचारले नाही.