ओस्टरकाम्पबाईंचं नाव चोरीला जातं

“डोळा घारीचा, नाक शिकारी कुत्र्याचं आणि स्मरणशक्ती हत्तीची!” राडेमाखर स्वतःची ओळख अशी करून देत. एवढी जनावरं एका माणसात राहायची म्हणजे जरा दाटीच होणार. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर काढली. लोक छत्री आणून देत, लोकच घेऊन जात. पण मधल्या काळात ती राडेमाखरांनी ‘शोधून काढलेली’ असे. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःला गुप्तहेर नेमलं आणि मेहुण्याला, म्हणजे एगर्टला, साहाय्यक. एगर्टला कोणी विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी एगर्ट दोघांच्या सामाईक बागेत बटाटे काढत होता. राडेमाखर धापा टाकत आले.

“चोरी झाली, एगर्ट!”

“फावडं माझ्याकडे आहे, भाऊजी.”

“फावडं कसलं घेऊन बसलायस! नाव गेलंय. ओस्टरकाम्पबाईंचं नाव!”

हकिकत अशी, की शेजारच्या बागेतल्या ओस्टरकाम्पबाई आणि राडेमाखर कुंपणावरून कित्येक वर्षं अहो-जाहो करत होते. फाटकांवरही आडनावंच. काल बागवाल्यांच्या उन्हाळी मेळाव्यात बाईंनी वाइनचा पेला उचलला आणि म्हणाल्या, पुरे झालं आता हे अहो-जाहो. मग रीतीप्रमाणे दोघं हातात हात अडकवून प्यायले, एकमेकांना पाळण्यातली नावं सांगितली आणि रीतीप्रमाणेच बाईंनी त्यांच्या गालावर ओठ टेकवले. त्या क्षणी हत्ती रानात पळाला.

“मग अहो ओस्टरकाम्पबाई म्हणा,” एगर्ट म्हणाला.

“वेडा आहेस का? एकदा प्यायल्यावर परत अहो म्हणणं म्हणजे बाईच्या तोंडावर दार आपटणं!”

“मग नुसतं ‘अगं’ म्हणा.”

राडेमाखर टोपी काढून हातात फिरवत राहिले.

“आज चार वाजता तिने कॉफीला बोलावलंय. मी तिला नाताळात घरी ये म्हणून विचारणार आहे. तुझी बहीण गेल्यापासून दर नाताळात आपण दोघं बटाट्याच्या सॅलडकडे बघत बसतो रे. असली गोष्ट ‘अगं’ म्हणून विचारायची? नाव घेऊनच विचारायला हवी.”

एगर्टने फावडं खाली ठेवलं. त्यालाही ते सॅलड आठवलं.

तपास सुरू झाला. “तिचे कान लहान आहेत. लहान कानांच्या बायकांची नावं लांब असतात.”

“माझ्या बहिणीचे कान लहानच होते. आणि नाव इडा.”

“म्हणूनच ती टोपीने झाकायची,” राडेमाखर म्हणाले. “आता पुढचा धागा. बाईंनी शार्लोटे जातीचा गुलाब लावलाय. माणूस आपल्याच नावाचा गुलाब लावतो.” ते कुंपणाआड ओणवे झाले आणि त्यांनी गोड आवाजात हाक मारली, “शार्लोटे!”

पलीकडच्या मांजराने मान वळवली. बाई वाफ्यात पाठमोऱ्या होत्या, त्या हलल्या नाहीत.

“ऊर्सुला!” राडेमाखरांनी आवाज चढवला. आसपासच्या बागांतून चार बायका उठून उभ्या राहिल्या. ओस्टरकाम्पबाई त्यांत नव्हत्या.

“छान! ऊर्सुला बाद,” राडेमाखर खाली बसत म्हणाले. “केवढी प्रगती!”

तेवढ्यात कुंपणापलीकडून बाईंचाच आवाज आला. “डीटर?” जरा थांबून, “हाइन्झ?”

राडेमाखरांचा चेहरा पडला. “ऐकलंस? दुसरा आहे. एक नाही, दोन!”

“कुत्र्याला हाक मारत असतील.”

“तिच्याकडे कुत्रा नाही. संपलं सगळं, एगर्ट.” ते उलट्या बादलीवर बसले. त्यांच्यातली घार, कुत्रा आणि हत्ती तिघांनीही माना टाकल्या होत्या. एगर्टला मनापासून वाईट वाटलं. चारच्या ठोक्याला त्याने भाऊजींचा दंड धरला आणि त्यांना शेजारच्या फाटकातून आत नेलं.

टेबलावर आलुबुखारचा केक होता. बाई कॉफी ओतत होत्या, राडेमाखर केकमधल्या फोडी मोजत होते, आणि दोघंही कोणालाच नावाने हाक मारत नव्हते. एगर्टने थोडा वेळ हे पाहिलं आणि कप उचलला.

“बाई, तिघांत मी सगळ्यात म्हातारा, म्हणून मीच म्हणतो. आपणही अहो-जाहो सोडू या. मी एगर्ट.”

“अगदी आनंदाने! मी रोस्विता.”

राडेमाखर खुर्चीतून अर्धे उठले. “रोस्विता!” ते ओरडले. “रोस्विता, नाताळात माझ्या घरी येशील? रोस्विता?”

बाईंचे डोळे भरून आले. “येईन रे…” त्या म्हणाल्या आणि अडखळल्या. गाल लाल झाले. “पण आधी एक सांग, रागावू नकोस. काल तू नाव सांगितलंस, मग ते गालाचं झालं, आणि माझ्या डोक्यातून सगळं धुऊन गेलं. सकाळी कुंपणापाशी हाका मारून पाहिल्या. डीटर म्हटलं, हाइन्झ म्हटलं. तू काही वर बघेनास. आणि हा एगर्ट तर तुला नुसता भाऊजी म्हणतो!”

दोन्ही प्रतिस्पर्धी जागच्या जागी खलास झाले. राडेमाखर ताठ उभे राहिले, बायकोनंतर कोणीही न घेतलेलं आपलं नाव त्यांनी जरा लाजतच सांगितलं, “लोटार.”

“मग पुन्हा प्यायला हवं,” बाई म्हणाल्या. वाइन नव्हती, म्हणून हातात हात अडकवून कॉफीच प्यायले. थोडी टेबलक्लॉथवर सांडली. मग बाईंनी त्यांच्या गालावर ओठ टेकवले. या वेळी जरा जास्तच वेळ.

धोका कुठे आहे हे एगर्टला आता ठाऊक होतं. त्याने लगेच टेबलावर चमचा आपटला.

“भाऊजी, हिचं नाव?”

“रोस्विता!”

“आणि याचं?”

“लोटार!”

“शाबास,” एगर्टने बशी पुढे केली. “आता केक वाढा. आणि सॅलड यंदा तिघांपुरतं करू.”