गोड वाइनचा अहवाल

आमच्या घरात माणसं पाच आणि चव एक. चिंचोक्याएवढी आहे, जिभेखाली ठेवायची. आधी आप्पा, म्हणजे माझे सासरे. मग हे, मग भाऊजी, मग आई, म्हणजे सासूबाई, आणि शेवटी मी. एकाचं जेवण उरकलं की चव विसळून पुढच्याला द्यायची. ज्याला धीर नसेल त्याने बिनचवीचं गिळावं.

स्वयंपाक मीच करते, पण तेव्हा चव देवघरातल्या करंड्यात असते. त्यामुळे मीठ अंदाजाने पडतं. "शरयू, आमटी खारट झालीय," असं आप्पा म्हणतात, नाहीतर अळणी म्हणतात. मी "बरं" म्हणते. चव माझ्यापर्यंत येते तेव्हा पातेली खरवडायची वेळ झालेली असते. लग्नापासून मला आमटी माहीत आहे ती गारच. भांडायचं म्हटलं तरी अंगात त्राण लागतं हो, ते कुठून आणू?

गेल्या रविवारी माझा मामेभाऊ आला. तो दिंडोरीकडे वाइनरीत कामाला आहे. त्याने एक बारकी बाटली टेबलावर ठेवली.

"दारू?" आप्पांनी चष्मा वर केला.

"गोड वाइन आहे, आप्पा. जेवण झाल्यावर घोटभर घ्यायची. सगळ्यात शेवटी."

तो गेला. शेवटी चव माझ्याकडे असते, हे सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं.

"आपण आधीच पिऊ की," भाऊजी म्हणाले.

"पद्धत म्हणजे पद्धत," आप्पा म्हणाले. त्यांची हयात सरकारी नोकरीत गेली.

"मग आज चव उलटी फिरवू," हे म्हणाले. "शरयू पहिली, आप्पा शेवटी."

"फिरवा की," आई म्हणाल्या. "गार पोळ्या चालतील ना? आणि वाढणार कोण?"

मग आप्पांनी निर्णय दिला. तूर्त शरयूने चाखून अहवाल द्यावा. वाइन चांगली निघाली, तर चवीच्या क्रमाचा उद्या फेरविचार करण्यात येईल.

रात्री माझं ताट झाल्यावर मी वाटीत थोडी वाइन ओतली. चौघं समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते.

मधात मनुका मुरवाव्यात तशी लागली. मग घशातून ऊब खाली उतरली आणि थेट पोटात जाऊन बसली. इतकी गोड, की मला आनंदाच्या आधी राग आला. एवढी वर्षं हे कुठे होतं? डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"कशी आहे?" आप्पांनी विचारलं.

"कडू," मी म्हणाले. "कडूजहर. कारल्याचा रस परवडला."

"डोळ्यांत पाणी आलं बघ बिचारीच्या," हे म्हणाले. "ओतून दे मोरीत."

"ओतायची कशाला? दिलेली वस्तू आहे. औषध म्हणून संपवेन मी रोज थोडी थोडी."

आप्पांनी मान्यता दिली. क्रम आहे तसाच राहील, असंही सांगितलं. तिघं झोपायला गेले.

आई मात्र उठल्या नाहीत. त्यांनी आपली वाटी पदराने पुसली आणि माझ्यापुढे धरली.

"कडू मलाही दे थोडं."

मी चव विसळून त्यांच्या हातावर ठेवली आणि वाटीत वाइन ओतली. त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले.

"बाई गं, फारच कडू," त्या म्हणाल्या आणि वाटी पुन्हा पुढे केली.