मातीच्या ट्रॅकवरील लोकप्रियता: एक निःपक्षपाती पाहणी

सरळ रस्त्याचा मोठा दोष असा की तो कुठेतरी पोचवतो. म्हणूनच विचारी माणसं गोल रस्त्याच्या नादी लागतात. गावाबाहेरच्या मातीच्या ट्रॅकवर दर शनिवारी संध्याकाळी अशी पुष्कळ विचारी माणसं गाड्या घेऊन जमत, जिथून निघत तिथेच पुन्हा पोचत, आणि जो सर्वांत आधी पोचे त्याला कप देण्यात येई.

या शर्यतींचं वर्णन लाउडस्पीकरवरून करणाऱ्या गृहस्थाला सगळे 'भोंगा' म्हणत. (त्याचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर होतं.) आठवडाभर तो आपल्या चष्म्याच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना खालची ओळ वाचायला लावी, शनिवारी मात्र त्याच्या शब्दाला वजन येई.

ट्रॅकवर वर्ग तीन. पहिला 'पंखवाले': चिमुकली गाडी, तिच्या डोक्यावर दाराएवढा पत्रा, आणि वेग असा की पापणी लवली तर तिकीट वाया. दुसरा 'चकाचक': या गाड्या शर्यतीआधी आरशासारख्या पुसून घेत, कारण पहिल्याच वळणावर त्या मातीत जायच्या असत. तिसरा 'भंगार': जुन्या घरगुती गाड्या, ज्यांतून काचा, मागची सीट आणि मालकाचा सारासार विचार काढून टाकलेला असे.

झालं असं की शेजारच्या वस्तीने आवाजाची तक्रार केली आणि ट्रॅक संध्याकाळी लवकर बंद करण्याचा हुकूम आला. तिन्ही वर्ग वेळेत बसेनात. एक रद्द करणं भाग होतं. ट्रॅकच्या समितीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते आणि स्वतः पंखवाली चालवत. (समोरच्याला कळायच्या आत काम उरकणं दोन्हीकडे उपयोगी पडे.) त्यांनी भोंग्याला बोलावून सांगितलं, "कुठला वर्ग लोकांना सगळ्यात कमी आवडतो ते शोधा. अगदी निःपक्षपातीपणे. माझ्या मते भंगार."

अडचण एवढीच होती की भोंग्याचा मेहुणा भंगार वर्गात होता. बरीच वर्षं तो नेमाने शेवटचा येत होता आणि त्यातच आनंदात होता.

"अहवाल निःपक्षपातीच लिहा हो," रात्री ताट वाढताना बायको म्हणाली. "फक्त लिहून झाल्यावर घरीच यायचंय, एवढं ध्यानात ठेवा."

भोंग्याने शास्त्रीय पद्धत अवलंबिली. आधी प्रेक्षकांना विचारलं. शंभरातल्या एक्याण्णवांनी सांगितलं, की आम्ही पंखवाल्यांचं कौशल्य पाहायला येतो. (हे सांगताना पंखवाल्यांची शर्यत चालू होती आणि सांगणाऱ्यांची पाठ ट्रॅककडे होती.) मग लोक कुणासाठी जास्त ओरडतात ते पाहायला त्याने आवाज मोजायचं यंत्र आणलं. त्यातही पंखवाले पहिले आले. पण सर्वांत मोठा आकडा सरावाच्या दिवशी भरला, तेव्हा मैदानात प्रेक्षक एकही नव्हता. शेवटी, कोण कुणाबरोबर आलं आहे, हे त्याने पाहिलं आणि उलगडा झाला. पंखवाल्याबरोबर चार मेकॅनिक आणि एक हिशेबनीस येतो. भंगारवाल्याबरोबर आई, मावश्या, अख्खी सासुरवाडी आणि ती गाडी ज्याने त्याच्या गळ्यात मारली तो शेजारी येतो. तात्पर्य, लोकप्रियता म्हणजे नातेवाईक.

हे डॉक्टरांच्या कानावर गेलं. पुढच्या शनिवारी त्यांनी आपले पेशंट आणून बसवले. पण दाढ भरलेली माणसं ओरडत नाहीत.

त्याच शनिवारी भंगार वर्गात पहिल्या वळणावर सर्वांत पुढच्या गाडीचा बंपर निसटला. ती आडवी झाली, मागची तिच्यावर आली, तिसरी दोघींवर, असं करत सगळा वर्ग एका ढिगात गोळा झाला. कुणाला खरचटलंही नाही. मेहुणा नेहमीसारखा इतका मागे होता की त्याला बाजूने निघून जायला ऐसपैस वेळ मिळाला. तो एकटाच फेऱ्या मारत राहिला. जिंकण्याची रेषा हाकेच्या अंतरावर आली, आणि गाडी दोनदा खोकून गप्प झाली.

"मंडळी," भोंगा लाउडस्पीकरवरून म्हणाला, "आमचे हे... म्हणजे भंगार वर्गातले एक स्पर्धक खाली उतरले आहेत. ते ढकलत आहेत."

सगळं मैदान उभं राहिलं. पेशंटांनीही जमेल तसा आवाज काढला. आणि कुंपण ओलांडून सर्वांत आधी कोण धावलं, तर पांढऱ्या पँटीतले डॉक्टर. "तू स्टिअरिंग धर रे," ते म्हणाले, "जोर मी लावतो."

गाडी रेषेपलीकडे गेली. लगेच नियम पाहण्यात आला: बाहेरच्या माणसाने हात लावल्यास स्पर्धक बाद. (खाली सही डॉक्टरांची.) मेहुणा पुन्हा शेवटचा ठरला. तो चिखलाच्या हातांनी सगळ्यांना बाजूला सारत "ताई, बघितलंस ना?" एवढंच विचारत आला. ताईने डोळे पुसले आणि दोष धुळीला दिला.

आता भंगार रद्द करायला डॉक्टरांचा हात धजेना. स्वतःचा वर्ग रद्द करण्याइतके ते निःपक्षपाती नव्हते. चकाचकवाल्यांनी तर नुकताच नवा रंग दिला होता. समितीने मग भोंग्याचा अहवाल शेवटपर्यंत वाचला. भोंगा सरळ माणूस. संध्याकाळ कशात जाते हेही त्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं. एक हिस्सा शर्यती, दोन हिस्से त्यांचं वर्णन. समितीने भोंग्याचे मनःपूर्वक आभार मानले आणि एकमताने भोंगा रद्द केला.

पुढच्या शनिवारी तो बायकोशेजारी पायऱ्यांवर बसला. हातात माईक नसल्यामुळे हातांचं काय करावं ते त्याला सुचेना. तिन्ही वर्ग वेळेत सुरू झाले. धूळ उडाली, गाड्या फिरल्या. पण कोण पुढे, कोण फेरीने मागे, कुणाचं कुणाशी वाकडं, काही कळेना.

"अहो, काय चाललंय ते सांगा की," बायको म्हणाली.

तो हळू आवाजात सांगू लागला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मान वळवली. "जरा मोठ्याने बोला, भाऊ." मागची रांग खाली सरकली, बाजूची जवळ आली. बघता बघता अर्धं मैदान त्याच्याभोवती कोंडाळं करून बसलं. त्यात हेल्मेट काखेत धरून डॉक्टरही होते, ज्यांची शर्यत तेव्हा चालू होती. भोंगा असा रंगला की घडलेलं संपल्यावर त्याने न घडलेलंही सांगितलं. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या.

मागे खऱ्या गाड्या खऱ्या मातीत जीव तोडून फिरत होत्या, आणि लोक त्यांच्याकडे पाठ करून त्यांचं वर्णन ऐकत होते. या खुळेपणाला सुज्ञ वाचक हसतील. हसावंच. फक्त हसून झाल्यावर अंगावरचे कपडे एकदा झटकून पाहावेत. इतका वेळ आपणही शर्यतीत रमला होतात, आणि मातीचा एक कण पडायचा नाही.