गार्डच्या डब्याची हस्तिदंती दांडी

एका जंगलात एक आगगाडी होती. हसू नका. मागच्या रांगेत कोण हसलं ते मला दिसलंय. खरी नव्हे रे, खेळण्यातली. पत्र्याची, चावी दिली की धावणारी. इंजिन सशाएवढं आणि मागे सहा डबे.

जंगलात गाडी कशी आली, हे कुणीतरी विचारणारच. तर तिथे एक जुना डाकबंगला होता. कुठल्याशा साहेबाची मुलं सुट्टीत येऊन राहिली आणि जाताना एक ट्रंक विसरून गेली. पुढे बंगल्याचं छप्पर बसलं, ट्रंक फुटली आणि आतली गाडी रुळांसकट जंगलाची झाली. झालं समाधान? आता मधे बोलायचं नाही.

ट्रंकेतून निघाला तो नुसता गंजाचा ढीग होता. ती गाडी चालती केली साळोबाने. साळोबा म्हणजे एक म्हातारा साळिंदर. अंगभर काटे आणि स्वभाव अगदी लोण्यासारखा. त्याने एकेक डबा करंजाच्या तेलात भिजत ठेवला. आपल्याच गळलेल्या काट्याने गंज खरवडला, वाकलेल्या कड्या सरळ केल्या आणि लाखेचा तांबडा रंग दिला.

डबे पाचच निघाले होते. शेवटचा गार्डचा डबा ट्रंकेत नव्हताच, आणि त्याच्यावाचून गाडी चालेना. बेहड्याच्या झाडामागे रूळ उताराला लागत. तिथे मागे वजन नसलं की सगळी गाडी आडवी व्हायची. मग साळोबाने बंगल्याच्या चौकीदाराची तपकिरीची रिकामी डबी घेतली. तिला खिडक्या कापल्या, आत खडे भरले, सागाची चाकं केली. दोन चाकांना जोडायला दांडी लागते. दांड्या म्हणून त्याने पाठीवरचे दोन काटे घातले. पांढरे, गुळगुळीत, मधे काळा पट्टा. असा बेमालूम डबा झाला की बाकीचे पाच त्याच्यापुढे नकली वाटायला लागले.

दर बुधवारी, बाजाराच्या दिवशी, गाडी सुटायची. डब्यांत उंदरांची पोरं बसत. बारकी नावाची एक उंदरी गार्ड होती, शिट्टी तिच्याकडे. साळोबा चावी द्यायचा आणि गाडी झाडामागून परत दिसेपर्यंत श्वास रोखून बसायचा. इतकी वर्षं झाली, तरी गाडी दिसली की त्याला पहिल्या दिवसाइतकाच आनंद व्हायचा.

आता एक पंडित येतात. नीट बसा.

त्यांचं नाव पंडित तरसराव. जातीने तरस, धंदा जुन्या वस्तू ओळखण्याचा. त्याच ट्रंकेतला, खेळण्यांच्या यादीचा एक छापील कागद त्यांच्या हाती लागला होता. अर्धा कागद वाळवीने खाल्ला होता. वाळवीने ठेवलं होतं ते तरसराव वाचून सांगत, आणि खाल्लं होतं ते त्याहून जास्त खात्रीने सांगत.

एका बुधवारी ते बाजारात आले आणि धावती गाडी बघून थेट रुळांवर आडवे पडले.

"बंद करा ही. धावतेय ती."

"गाडी आहे पंडितजी, धावणारच," साळोबा म्हणाला.

"जुनी गाडी धावत नसते. धावली की झिजते. आणि रंग कुणी दिला हिला? मूळ गंज कुठाय?"

"खरवडला."

तरसरावांनी कपाळावर पंजा मारून घेतला. मग एकेक डबा उलटा करून, हुंगून, चाटून पाहिला. साहेबाचे खरे पाच डबे त्यांनी 'बिघडवलेले' म्हणून गवतात भिरकावले. शेवटी गार्डचा डबा उचलला, दांडी पाहिली आणि पुन्हा पाहिली. त्यांनी कागद काढला. कागदाची शेवटची ओळ शाबूत होती : 'राजघराण्यांकरिता खास, हस्तिदंती दांडीचा.'

"अस्सल आहे," तरसराव म्हणाले. "काळा पट्टा म्हणजे राजघराण्याची खूण. जगात असा एकच असणार."

बारकी अजून डब्यातच बसली होती. तिला झटकून त्यांनी डबा काखेत मारला आणि राजाकडे चालू लागले.

राजा होता बिबट्या. बिबटराजे म्हणायचं, नाहीतर उद्या मला बोलावणं येईल. शेजारच्या जंगलातल्या वाघाने जुन्या वस्तूंचं दालन मांडल्यापासून बिबटराजांना अन्न गोड लागत नव्हतं. त्यांनी डबा नाकाशी नेला आणि दणकून शिंकले. डबी तपकिरीची होती, शिंक येणारच.

"शंभर वर्षांपूर्वीच्या इंजिनाचा धूर, महाराज," तरसराव म्हणाले. "मूळ वास टिकून आहे."

मग सगळा दरबार शिंकला. ज्यांना शिंक येईना त्यांनी नाकात गवताची काडी घातली.

इकडे गाडी बंद पडली. बुधवार गेला, पोरं रुळांशी येऊन परत गेली.

"तरी म्हणत होते, काटे घालू नका, बांबूची काडी घाला," त्याची बायको साळूबाई म्हणाली. "पण तुम्हाला मेलं सगळं नीटच करायचं असतं. जा आता, मागून आणा आपला डबा. काही भीक नाही मागायची, आपलाच आहे तो."

त्या दरबाराची एक रीत होती. टोकदार असेल ते झाकून यायचं. सांबर शिंगांना फडकी गुंडाळून येई, साळोबा पाठीवर घोंगडी घेऊन गेला. राजाची नखं तेवढी उघडी होती.

"महाराज, हा डबा मी केलाय," साळोबा म्हणाला. "तपकिरीच्या डबीचा. दांड्या म्हणजे माझे काटे आहेत. डब्यावाचून पोरांची गाडी बंद पडलीय. तेवढा परत द्या."

"पुरावा काय?" बिबटराजांनी विचारलं.

साळोबा घोंगडी काढायला लागला तशी दोन लांडगे धावून आले.

"टोकदार काही उघडं करायचं नाही."

"पण पुरावा घोंगडीखालीच आहे."

"मग झाकलेलाच दाखव," लांडगा म्हणाला.

तरसराव पुढे झाले. "महाराज, करणाऱ्याचा शब्द आम्ही धरत नाही. तो आपल्या बाजूने बोलतो. शिवाय काम किती सुबक आहे ते बघा, आणि हा कोण? याला तर मी रोज बघतो."

ते दरबाराला पटलं. रोज दिसणाऱ्याने असं काही केलं असेल, हे तुम्हाला तरी पटतं का? खरं सांगा.

बिबटराजांनी डबा पुन्हा जवळ घेतला. पुन्हा शिंक आली आणि डबा हातून निसटून दगडावर आपटला. पुढची दांडी मधोमध मोडली.

"तरसराव," राजे म्हणाले, "आठ दिवसांत होता तसा करा. दांडी हस्तिदंतीच पाहिजे. नाहीतर तुमच्या हाडाची घालीन."

तरसराव आधी हत्तीकडे गेले. हत्तीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "घ्या की. या असे जवळ." तरसराव जवळ गेले नाहीत. सात दिवस त्यांनी कागदाचा वाळवीने खाल्लेला भाग पुनःपुन्हा वाचला. आठव्या दिवशी सकाळी ते डबा घेऊन साळोबाच्या बिळाशी येऊन बसले.

"कर बाबा काहीतरी," ते म्हणाले.

"करतो. पण डबा माझ्याजवळ राहिला पाहिजे."

"राहील. माझा शब्द."

साळोबाने डबा मांडीवर घेतला. मोडकी दांडी काढली. मग पाठीवरचा एक काटा उपटला, मोजून कापला आणि घातला. तेल सोडलं, चाक फिरवून पाहिलं. पान खाऊन होईस्तोवर काम संपलंसुद्धा.

तरसराव डोळे फाडून बघत होते. त्यांनी काटा पाहिला, पाठ पाहिली, मग कागद पाहिला. कागदात हस्तिदंत लिहिलं होतं, आणि छापलेलं चुकीचं कसं असेल? ते उठले आणि डब्यासकट धावत सुटले.

"महाराज, त्या साळोबाने अंगावर हजारो हस्तिदंती दांड्या लपवल्यात. म्हणून तर घोंगडी घेऊन हिंडतो."

लांडग्यांनी साळोबाला धरून आणलं. घोंगडी ओढून काढली. पाठभर काळ्या पट्ट्याच्या पांढऱ्या दांड्या बघून दरबार थक्क झाला.

"अरे, साळिंदर आहे मी," साळोबा म्हणाला. "आईच्या पोटातून आणलेत हे."

"वंशपरंपरागत साठा," तरसरावांनी लिहून घेतलं.

राजाने एक दांडी काढून आणायला सांगितलं. लांडग्याने तोंड घातलं आणि नाकात चार काटे घेऊन केकाटत मागे आला. तेव्हा ठरलं की साठा फोडायचा नाही, आहे तसाच जपायचा. साळूबाई नवऱ्याच्या मागोमाग आली होती, तिच्याही पाठीवर तेच होतं. तरसरावांनी तिच्याकडे एक नजर टाकली. जगात एकच असणार, असं ते आधीच बोलून बसले होते.

"ही नक्कल आहे," ते म्हणाले. "जाऊ द्या हिला."

"नक्कल तर नक्कल," साळूबाई म्हणाली. "यांना जेवायला कोण घालणार?" नकलेला आत जायला मनाई नव्हती, तेव्हा ती रोज भाकरी घेऊन यायला लागली.

बिबटराजांचं दालन तयार झालं. चारी बाजूंनी बांबूचं कुंपण. आत एका दगडावर गार्डचा डबा आणि शेजारच्या दगडावर साळोबा. डबा त्याच्याजवळ राहील असा शब्द दिला होता, तो तरसरावांनी पाळला. दोघांपुढे पाट्या लावल्या होत्या.

पहिली पाटी : 'गार्डचा डबा. हस्तिदंती दांड्या. कर्ता अज्ञात.'

दुसरी पाटी : 'दांड्यांचा खोका. हलतो. हात लावू नये.'

साळोबा ती पाटी रोज वाचायचा आणि रोज त्याला तितकंच वाईट वाटायचं. खोका म्हटल्याचं नव्हे रे. त्याला पोरांची गाडी आठवायची. डबा हाताच्या अंतरावर होता, पण खोक्याने हात पुढे केलेला लांडग्यांना चालत नव्हता. लाखेचा रंग उडायला लागला, चाकांवर धूळ बसली. तरसराव येऊन खूश होऊन जायचे.

मग एका बुधवारी साळोबा भाकरी खाता खाता थांबला. बेहड्याच्या बाजूने आवाज येत होता. खडखड, खडखड, मधेच एक ठण्ण, पुन्हा खडखड.

"काय गं ते?"

"बारकीने गार्डचा डबा केलाय," साळूबाई म्हणाली. "बेलफळाची कवटी आणि बांबूची काडी. आत खडे. इतका बेढब झालाय की विचारू नका. गवतातले पाच डबे उचलून आणले, कड्या अडकवल्या आणि सोडली गाडी."

"तरसराव गेले नाहीत अडवायला?"

"गेले होते. उलटा करून पाहिला, हुंगला, आणि यात काही नाही म्हणून निघून आले."

साळोबा कान देऊन ऐकत राहिला. गाडी उताराला लागली. त्याने श्वास रोखला. खडखड झाडामागे गेली, तिथे जरा अडखळली आणि पलीकडून बारकीची शिट्टी आली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पाटीवर 'हलतो' लिहिलं होतं, 'रडतो' लिहिलं नव्हतं, म्हणून त्याने ते पटकन पुसलं.

"डावं चाक तिरकं बसलंय," तो म्हणाला. "म्हणून ठण्ण वाजतंय. काडी नखभर कापली की सरळ होईल."

"सांगू का पोरांना?"

साळोबाने शेजारच्या दगडावरच्या आपल्या डब्याकडे पाहिलं. सुबक होता, यात शंका नाही.

"नको," तो म्हणाला. "तिरकंच असू दे."

तात्पर्य : मोडलेली वस्तू दुरुस्त करू नये. करायचीच झाली तर जरा वाईट करावी. चांगली केलीत तर ती तुम्ही केलीत यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. वाईट केलीत तर ती न्यायला कुणी येणार नाही.