बाकावर उमटलेलं चर्च

छपाईत माझा हात धरणारा अख्ख्या गावात कोणी नाही! हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. खेळाडूंचे टीशर्ट, वेटरांचे एप्रन, शाळांचे झेंडे, सगळं माझ्या हाताखालून गेलेलं. त्यामुळे फादर दुकानात आले तेव्हा मी छाती ठोकून म्हणालो, "फादर, छपराची चिंता आता विसरा!"

"विसरू कशी? काल थेट माझ्या टकलावर गळलं."

टेकडीवरचं आमचं चर्च फार जुनं, आणि त्यातली फिकट लाकडी बाकं म्हणे चर्चहूनही जुनी. हे कसं शक्य आहे, ते मी विचारत नाही. रविवारी पुरातत्त्व खात्याचे साहेब पाहणीला येणार होते. त्यांनी चर्च संरक्षित वास्तूंच्या यादीत घेतलं तर दुरुस्ती होणार, नाहीतर धोकादायक म्हणून कुलूप लागणार. माझा बाप्तिस्मा तिथला, लग्न तिथलं. तिथे कुलूप? छे!

"लोकांची माया साहेबांना दिसली पाहिजे," फादर म्हणाले.

"दिसेल की! प्रत्येकाच्या अंगात टीशर्ट. छातीवर क्रूस, पाठीवर आपलं चर्च! श्रद्धा दिसेल, आणि विक्रीतून छपरालाही हातभार लागेल."

फादरनी तिथल्या तिथे मला आशीर्वाद दिला. तो जरा घाईत दिला, असं आता वाटतं.

मी नवी जाड शाई आणली. काळीकुळकुळीत! ही शाई छापल्यावर प्रत्येक टीशर्ट गरम यंत्राखाली दाबावा लागतो, तरच ती पक्की होते. पण इतके टीशर्ट एकेक करून कधी दाबायचे? मी सरळ दोऱ्या बांधल्या आणि पंखे सोडले.

बायको डोकावली. "अहो, यंत्राखालून काढलेत का?"

"अगं, वाळली म्हणजे वाळली! मला शिकवू नकोस."

"बरं," म्हणाली, आणि स्वतःचा टीशर्ट काखोटीला मारून गेली. बायकोचं 'बरं' ऐकून माणसाने सावध व्हायला हवं. मी शीळ घालत राहिलो.

रविवारी चर्च गच्च भरलं. जिकडे पाहावं तिकडे माझेच क्रूस! पहिल्या बाकावर आम्ही नवरा-बायको, आणि माझ्या शेजारी खास मांडलेल्या खुर्चीत पांढराशुभ्र शर्ट घातलेले साहेब. एकदा ते टीशर्टकडे पाहून मान हलवत म्हणाले, "छान कल्पना आहे." मी तर फुगून टम्म झालो.

फादरचं प्रवचन लांबलं. उकडत होतं. लोक बाकाला निवांत पाठ टेकून बसले होते. शेवटी फादर म्हणाले, "उभे राहू या."

चर्रर्रर्र!

एकदम इतक्या पाठी बाकांपासून सुटल्या, की कोणीतरी अख्खं चर्चच पाकिटासारखं टराटरा फाडतंय असं वाटलं. मी मागे वळून पाहिलं. बाकांच्या पाठींवर ओळीने आमचं चर्च उमटलं होतं! तेही उलटं, उजवीकडचं घंटाघर डावीकडे!

"वाळली म्हणजे वाळली," बायको कानाशी पुटपुटली.

आणि तेवढ्यात फादर म्हणाले, "एकमेकांना शांती द्या."

आता आमच्या चर्चमध्ये शांती म्हणजे नुसते हात मिळवणं नव्हे. आम्ही कडकडून मिठी मारतो! मी ओरडणार, तोवर सगळीकडे छातीला छाती भिडली होती. सुतार आणि त्याचा साडू वायरमन यांच्यात शिडी कोणी मोडली यावरून कित्येक वर्षं अबोला होता. फादरची नजर पडली म्हणून त्यांनी नाइलाजाने मिठी मारली, आणि चिकटले!

"सोड की!"

"मी कुठे धरलंय? तूच सोड!"

वेदीवरून फादरना एवढंच दिसलं की दोघं वेगळे होत नाहीत. त्यांचे डोळे भरून आले. "पाहा! इतक्या वर्षांचा राग, आणि आज मिठी सुटता सुटत नाही!" लोकांनाही गहिवरून आलं आणि त्यांनी आणखी मिठ्या मारल्या.

इकडे साहेब दोन्ही हात पसरून माझ्याकडेच निघाले.

"नको साहेब! मला... मला सर्दी आहे!"

"अहो, देवाच्या घरात कसली सर्दी!" म्हणत त्यांनी मला घट्ट आवळलं. बाजूला झाले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या शर्टावर माझा क्रूस ठसठशीत उमटला होता.

उपासना संपली. साहेब गुडघ्यांवर बसून बॅटरीच्या उजेडात बाकं पाहू लागले. बायकोने पिशवीतून रॉकेलची बाटली आणि फडकं काढलं. ती घरूनच तयारीनिशी आली होती!

"ही शाई कोणाची?" साहेबांनी विचारलं. सगळ्या बोटांनी माझी दिशा धरली. त्यात सुताराचं आणि साडूचंही होतं.

"माझी, साहेब," मी रडवेला झालो. "मला काय ती शिक्षा करा. पण चर्चला कुलूप नका लावू हो!"

साहेबांनी बाकाकडे पाहिलं, मग स्वतःच्या शर्टाकडे, आणि खो खो हसायला लागले. "मी आजवर जुन्या वास्तूंवर लोकांनी स्वतःची नावं कोरलेली पाहिली. वास्तूचंच चित्र उमटवलेलं आज पहिल्यांदा पाहतोय! चर्च यादीत घेतलं, जा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी फादरना मिठी मारायला धावलो, तर फादर वेदीमागे पळाले. बायकोने फडक्यावर रॉकेल ओतलं आणि पहिल्या बाकाकडे हात नेला.

"थांबा बाई!" साहेब ओरडले. "आता ही संरक्षित वास्तू आहे. आज जे जसं आहे, ते तसंच राहणार. एकही खूण पुसायची नाही!"

छप्पर आता गळत नाही. लांबून लोक चर्च पाहायला येतात, आणि फादर त्यांना मोठ्या कौतुकाने बाकं दाखवून मग माझ्याकडे बोट करतात. पाहुणे नेमका एकच प्रश्न विचारतात. सगळ्या बाकांवर ठसे आहेत, मग पहिल्या बाकावर मधेच एक जागा स्वच्छ कशी?

ती माझ्या बायकोची जागा. तिने तिचा टीशर्ट आदल्या दिवशीच यंत्राखाली दाबून घेतला होता.

आणि ती खूणही मला पुसता येत नाही!