दोन पाठक, दोन पुडकी

"पुडकं चुकवणं आमच्या रक्तातच नाही, लालाजी!" ढुंढिराजने छाती ठोकून सांगितलं.

चौकातल्या लालाजींच्या कापडदुकानात पुढच्या बाजूला शालू विकत आणि मागच्या काउंटरवर कफन. काशीत दोन्हींना मरण नाही! लालाजींनी केबल टीव्हीवर जाहिरात दिली होती: 'फोन घुमाओ, माल बँधा पाओ!' गिऱ्हाइकाने फोन करायचा, ढुंढिराजने माल बांधून, नाव टाकून फळीवर ठेवायचा, गिऱ्हाइकाने येऊन उचलायचा. चुकणार कुठे?

त्या दिवशी सकाळी दुर्गाघाटावरच्या पाठकबाईंचा फोन आला. लेकीच्या, देवश्रीच्या, लग्नाचा डाळिंबी शालू बांधून ठेव म्हणाल्या. पाठोपाठ दुसरा फोन. आवाज घोगरा, हिंदी. "पाठक बोल रहे हैं. माताजी नहीं रहीं. कफन बाँध दीजिए."

ढुंढिराजने दोन्ही खाकी पुडक्यांवर झोकात लिहिलं: पाठक.

दुपारी हिंदी पाठक घाईघाईने आले, कफनाचे पैसे टाकून पुडकं घेऊन गेले. मागोमाग बाईंचे दीर रत्नाकरराव आले, उरलेलं घेऊन गेले. फळी रिकामी! ढुंढिराजने ऐटीत पान लावलं. पान गालात जातंय न जातंय तोच फोन वाजला.

"ढुंढिराज, शालू इतका हलका कसा रे?"

पाठकबाई! शाळेत त्यांनी त्याला गणित शिकवलं होतं. त्याचा डावा कान उजव्यापेक्षा लांब होता तो त्यांच्यामुळेच.

ढुंढिराजने पान गिळलं. सुपारीसकट.

"बाई, उ-उघडलंत?"

"छे! देवापुढे ठेवलंय. गोरज मुहूर्ताआधी सुवासिनी उघडतील."

ढुंढिराजने फोन ठेवला. सुवासिनी पुडकं उघडणार, आणि आतून निघणार कफन! आणि शालू? शालू चितेवर!

तो मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाकडे पळत सुटला. गल्लीत सांड आडवा. सांडाला हात जोडले, तर मागून 'राम नाम सत्य है!' हे आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटून त्याने सांडाच्या पोटाखालून उडी घेतली!

घाटावर तिरडी टेकलेली होती. तिच्यावर डाळिंबी शालू असा झळकत होता की चिता रचणारे डोंबसुद्धा टक लावून बघत होते. ढुंढिराज पुढे झाला, तोच तिरडीशेजारच्या म्हाताऱ्याने त्याचा हात धरला.

"आप दुकान से आए हैं न? बेटा, सारी उमर बनारस में रही, बनारसी साड़ी नहीं पहनी उसने. मैं नहीं दिला पाया. देखो, लड़के ने दिलाई!" म्हातारा रडत होता, आणि हसतही होता.

मागे त्याचा मुलगा हात जोडून उभा. काही बोलू नका, अशा डोळ्यांनी.

ढुंढिराजने म्हाताऱ्याच्या हातावर आपला हात ठेवला. "हाँ बाबा," तो म्हणाला, "माताजी के लिए ही था."

आणि वळून दुकानाकडे धावला. लालाजी जेवायला घरी गेलेले. शोकेसमधल्या पुतळ्याच्या अंगावर मोरपंखी शालू होता, लालाजींचा जीव की प्राण! ढुंढिराजने डोळे मिटून पुतळ्याचं वस्त्रहरण केलं, खाकी कागदात गुंडाळलं आणि दुर्गाघाट गाठला.

देवघरात सुवासिनी बसल्या होत्या. पहिलीचं बोट सुतळीच्या गाठीत!

"पाल!" ढुंढिराज किंचाळला. "पुडक्यात पाल शिरलीय!"

सुवासिनी पाटांवर चढल्या, एक तर खिडकीत. त्या गोंधळात त्याने पुडकी बदलली आणि घामाने निथळत म्हणाला, "गेली!"

पाठकबाईंनी स्वतः सुतळी सोडली. ढुंढिराजने आधीच आपला कान धरला.

"मी डाळिंबी सांगितला होता ना रे?"

"आई गं!" मागून देवश्री ओरडली. "मला मोरपंखीच हवा होता! तूच म्हणालीस, डाळिंबी घे!"

बाईंनी आयुष्यात प्रथमच त्याला शाबासकी दिली. कानावरच, पण हलकी.

कफनाचं पुडकं छातीशी धरून ढुंढिराज दुकानात परतला. लालाजी फोनपाशी उभे होते, आनंदाने लालबुंद.

"अरे, घाट के बूथ से फोन पर फोन! सबको वही कफन चाहिए जो पाठकजी को दिया, और उसी दाम में! ऐसा कौनसा कफन दे दिया तूने?"

बोलता बोलता त्यांची नजर शोकेसमधल्या उघड्यावाघड्या पुतळ्यावर गेली. तिथून हळूहळू ढुंढिराजवर आली. मग त्याच्या छातीशी धरलेल्या पुडक्यावर स्थिरावली.

"और ये... ये किसका है?"

ढुंढिराजने पुडकं आणखी घट्ट धरलं.

"मेरा, लालाजी."